पियानोसमोरची खुर्ची

‘चला, लाइन क्लियर!’ एवढे म्हणून तो झेंडी दाखवावी तसा डावा हात खांद्याच्या वर नेई आणि तोच हात खाली आणून पियानोवर पहिला सूर देई. नोकरीने तो मालगाडीचा गार्ड. गोंदियात रेल्वे कॉलनीला लागून असलेल्या लहानशा चर्चमध्ये नाताळच्या आधीच्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, तो नाताळची गाणी वाजवत असे. त्या दिवसाची रजा तो दिवाळीतच मागून ठेवी.

मी संगीत शिक्षक. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या शाळेत आयुष्य काढले. हार्मोनियम दुरुस्त करता करता पियानो सुरात लावण्याची विद्याही मी कमावली. आमच्या भागात ती दुसऱ्या कोणाजवळ असल्याचे ऐकिवात नाही. पावसाळ्यात त्या पियानोचे लाकूड फुगे, तारा उतरत. डिसेंबरात मी दोन दिवस खपून एकेक तार चावीने पिळून जागेवर आणी. मग मी बाजूच्या बाकावर बसे आणि तो खुर्चीवर.

त्याला स्वरांची नावे येत नव्हती. हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही. कोणत्या पट्टीत सुरुवात करता, असे मी एकदा विचारले, तेव्हा तो मोठ्याने हसला.

‘मले काय समजते मास्तर पट्टीबिट्टी! बोटं पुढं जातेत, मी त्यायच्या मागं जातो. गार्डचा डबा मागंच राहते ना!’

बोटेही धड पडत नसत. तुम्हीही कोठे ना कोठे असा माणूस पाहिला असेल. तो काही शिकलेला नसतो, आणि त्याने हात लावताच लोक आपापली कामे टाकून येतात. राइस मिलमधले हमाल येत. फाटकाबाहेर ऑटो उभे करून चालक आत येत. सालेकसा भागातली एक म्हातारी वर्षातून एकदा, त्याच रविवारी, बसने येई आणि शेवटच्या बाकावर बसे. शब्द निम्म्या लोकांना येत नसत. गात मात्र सगळे.

माझी पत्नीसुद्धा जाई. माझ्या रियाजाच्या वेळी चाळीस वर्षे तिला नेमके तांदूळ निवडायचे असत. त्या रविवारी मात्र ती चारलाच लुगडे बदलून दारात उभी.

‘मी जाऊन राहिली जी. तुमी या मागून.’

मत्सर हा शब्द मी सहसा वापरत नाही. येथे दुसरा चालणार नाही.

त्याच्या शेवटच्या नाताळात मी पियानो नेहमीप्रमाणे लावला. काम संपल्यावर मधल्या सप्तकातल्या एका स्वराची हातोडी आणि तार यांच्यामध्ये कापडाची घडी अडकवली. बोटाखालची पट्टी दबेल, पण हातोडी तारेपर्यंत पोहोचणार नाही. त्या स्वरावाचून त्याचे एकही गाणे पुढे सरकत नाही, हे मला ठाऊक होते. लोकांसमोर त्याने एकदा अडावे आणि फादरांनी माझ्याकडे वळून ‘मास्तर, तुम्ही बसता का?’ असे म्हणावे, एवढीच माझी इच्छा होती.

ती जागा आली. पट्टी नुसतीच खाली गेली. त्याने ती पुन्हा दाबून पाहिली. मग मान वर करून भसाड्या आवाजात ‘आऽ’ असा तो सूर तोंडानेच भरून काढला आणि तो पुढे गेला. लोक हसले. दुसऱ्या कडव्यात ते त्या जागेची वाट पाहू लागले. तिसऱ्या कडव्यात सगळे चर्च त्या एका जागी ‘आऽ’ करून ओरडले. माझी पत्नीही ओरडली. इतकी गर्दी आणि इतका आनंद त्या भिंतींनी पूर्वी पाहिला नसेल.

कार्यक्रमानंतर फादर काळजीने जवळ आले. ‘पियानो बिघडला का?’

‘कायले बिघडते फादर? थंडीनं घसा बसला त्याचा. मास्तरनं त दोन दिवस मेहनत केली ना!’

लोक पांगल्यावर त्याने पियानोचे वरचे झाकण उचलले, आत हात घातला आणि ती घडी माझ्या तळहातावर ठेवली.

‘मास्तर, तुमचा कपडा अंदरच राहून गेला.’

‘हो,’ मी म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावर काय होते, ते मी पाहिले नाही. पाहायला हवे होते. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही, आणि मला काढता आला नाही. पुढच्या श्रावणात तो हृदयविकाराने वारला.

डिसेंबरात फादरांचा फोन आला. ‘मास्तर, आता तुम्हीच बसा.’

मी होकार दिला. महिनाभर सराव केला. त्या रविवारी मी त्याच्या खुर्चीवर बसलो. मी सहा गाणी वाजवली. लय ढळली नाही. एकही सूर चुकला नाही.

कोणी गायले नाही. लोक मांडीवर हात ठेवून नीट बसले होते, निकाल ऐकायला बसावे तसे. शेवटचे गाणे संपले, तेव्हा कोणीतरी खोकले.

मग शेवटच्या बाकावरून ती सालेकसाची म्हातारी उठली. तिच्या गावापर्यंत बातमी पोहोचलीच नसावी.

‘झाला का मास्तर बाजा दुरुस्त?’ तिने तेथूनच विचारले. ‘मंग बलवा ना आता त्या साहेबाले! माही बस हाय सातची.’

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पत्नीने मान खाली घातली. मी खुर्चीवरून उठलो.

‘ते आता येणार नाहीत, बाई,’ मी म्हणालो.