भूपालच्या नावाखाली छापलेलं वाक्य

भूपाल मगदूमला त्याच्या कंपनीने फसवलं. जे वाक्य लिहायला त्याने साफ नकार दिला होता, तेच वाक्य त्यांनी त्याच्या नावाखाली छापलं, आणि तो गेल्यावर त्याच वाक्यासाठी त्याचं कौतुकही करून घेतलं. त्याला जाऊन महिना उलटला. शोकसभा झाली, भाषणं झाली, हार पडले, पण ही गोष्ट कुणी तोंडातून काढली नाही. म्हणून मी लिहितो आहे. मी साडीचा व्यापारी. खांद्यावर गठ्ठा टाकून गल्लोगल्ली फिरत वर आलेला माणूस. गोड लिहिणं मला जमणार नाही.

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी भावावरून जुंपली होती, तेव्हा भूपालच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठंनात बघा," एवढंच म्हणाल्या. दुपारी जेवून आडवा झाला होता. मी खासबागेत त्याच्या घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. कंपनीने त्याला मारलं असं मी म्हणणार नाही. जेवढं माप आहे तेवढंच मी सांगतो. पण शेवटचे काही महिने तो माणूस आतून कुरतडला जात होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमची ओळखच भांडणातून झाली. तेव्हा तो कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. एका निळ्या साडीचा भाव आधी स्वतः येऊन विचारून गेला. मग बायकोला पाठवलं. मग कॉलेजातल्या कन्नड बोलणाऱ्या एका प्राध्यापकाला. आणि नंतर तिन्ही भाव घेऊन माझ्यापुढे बसला. "आप्पा, साडी एक, दुकान एक, सांगणारे तुम्ही एक. मग भाव तीन कसे काय?" माझं डोकं फिरलं. म्हटलं, "विचारणारा कोण हाय ते बघून भाव सांगायचा असतो. धंदा म्हणतात त्याला. तुला घ्यायची हाय का न्हाय?" तो हसायलाच लागला. "हेच तर मला वर्गात पोरांच्या डोक्यात घालायचं हाय," म्हणाला, आणि तिन्हींतल्या सगळ्यात कमी भावाला साडी घेऊन गेला. अशा माणसाशी दोस्ती केल्याशिवाय राहवत नाही.

त्याच्या सगळ्या विद्येचं मूळ त्याच्या आईत होतं. निपाणीकडच्या एका खेड्यातलं त्यांचं जैन शेतकरी घर, घरात दोन्ही भाषा. तो लहान असताना एकदा शिरगणतीचे मास्तर आले. त्यांनी कन्नडमधून विचारलं, तर आईने घरची भाषा कन्नड सांगितली. पुढे कसल्याशा पाहणीसाठी एक बाई आल्या, त्यांनी मराठीतून विचारलं, तर आईने मराठी सांगितली. दोन्ही उत्तरं खरी. पण घरोघरच्या असल्याच उत्तरांवरून दोन्हीकडचे पुढारी भाषणं ठोकत सुटले, अमुक भाषा वाढली, तमुक घटली. भूपाल सांगायचा, "आई चुलीपुढनं हललीसुद्धा न्हवती, आप्पा. आणि पेपरात भाषा सरकली!" सीमाभागात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे कोण विचारतंय ते बघूनच माणूस तोंड उघडतो.

निवृत्तीनंतर त्याला बेळगावातल्याच एका कंपनीत काम मिळालं. काम म्हणजे आयर्लंडमधल्या राजकीय पक्षांच्या जनमत चाचण्या वाचायच्या. कंपनीचं तिकडचं एक गिऱ्हाईक वर्गणीदारांसाठी इंटरनेटवर पत्रिका काढतं. चाचणी आली की कोणता पक्ष किती चढला, किती उतरला आणि त्याचा अर्थ काय, हे भूपालने इंग्रजीत लिहायचं, खाली त्याचं नाव. मला आधी हसू आलं. आपल्या वॉर्डात कोण निवडून येईल ते आपल्याला कळत नाही आणि हा समुद्रापलीकडचं सांगणार! पण तो त्यात रंगून गेला. तिकडे म्हणे मतदार एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालतात, एकाच मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात, आणि शेवटची जागा केसाएवढ्या फरकाने जाते. म्हणून लोक एकेका टक्क्यासाठी जीव टाकतात. आणि भूपालचं निम्मं आयुष्य त्यांना सांगण्यात गेलं की हजारभर माणसांना विचारलेल्या चाचणीत दोन-तीन टक्के इकडे तिकडे होणारच, त्याला वारं समजू नका. तो दुकानात आला की मी विचारायचो, "काय अण्णा, आज कोण चढलं?"

"कोण न्हाय."

"मग उतरलं कोण?"

"कोणबी न्हाय."

"मग पगार कशाचा घेतोस रं?"

"कोण चढलं-उतरलं न्हाय, हे सांगायचा."

त्याचं म्हणणं साधं होतं. एकाच माणसाने, एकाच रीतीने, पुन्हा पुन्हा विचारलं आणि दर वेळी तोच पक्ष खाली दिसला, तर कान टवकारायचे. एरवी चहा प्यायचा. तिकडचे एक वयस्कर प्राध्यापक त्याचं लिखाण वाचून त्याला मेल पाठवायचे, हा उत्तर द्यायचा. न पाहिलेल्या त्या माणसाचा शब्द त्याला फार मोलाचा वाटे.

मग ते घडलं. तिथल्या एका मोठ्या पक्षाची नवी चाचणी आली, आधीच्यापेक्षा आकडा खाली. पण आधीची चाचणी एका संस्थेची, फोनवर विचारलेली, आणि ही दुसऱ्या संस्थेची, इंटरनेटवरून घेतलेली. या दुसऱ्या संस्थेत तो पक्ष नेहमीच थोडा खाली दिसायचा. भूपालने तसं लिहिलं, की दोन वेगळे विचारणारे आहेत, यावरून काही सांगता येत नाही. मॅनेजरला ते नको होतं. गिऱ्हाइकाला खमंग काहीतरी पाहिजे, पक्ष कोसळतोय असं लिहा, म्हणाला. भूपालने साफ नाही म्हटलं आणि घरी आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाखाली छापून आलं, "हा पक्ष कोसळू लागला आहे आणि त्याच्या नेतृत्वाचे दिवस भरले आहेत." पुढे पहिल्या संस्थेची चाचणी आली, तेव्हा पक्ष होता तिथेच होता. तिकडच्या लोकांनी खिल्ली उडवली, ती भूपालची. मॅनेजरचं नाव कुठे होतं? त्या प्राध्यापकांनी एकच ओळ लिहिली, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. ती ओळ त्याने मला मोबाईलवर दाखवली. वाचून दाखवली नाही, नुसता मोबाईल पुढे धरला…

त्याने काय मागितलं? भरपाई नाही, माफी नाही. हे वाक्य माझं नव्हे, एवढा खुलासा छापा, म्हणाला. आधी बघू म्हणाले, मग फोन उचलेनासे झाले. हा ऑफिसात गेला, तर बाहेरच्या खुर्चीवर बसवून ठेवला आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत सांगून वाटेला लावला. ज्याने आयुष्यभर शिकवलं त्या माणसाला! त्यानंतर तो दुकानात यायचा, पण मी कोण चढलं विचारायचं सोडून दिलं. एकदा तोच म्हणाला, "खोटं बोललो असतो तर पचवलं असतं रं आप्पा. मी तर बोललोच न्हवतो."

तो गेल्यावर कंपनीने इंटरनेटवर श्रद्धांजली टाकली. फोटो, दिवा, फुलं. आणि खाली लिहिलं, त्या पक्षाची घसरण सर्वांत आधी ओळखणारा द्रष्टा विश्लेषक. जी घसरण झालीच नाही, ती त्याने ओळखली! मेलेला माणूस नाही म्हणायला उठत नाही, याची एवढी खात्री यांना.

मी तडक ऑफिसात गेलो. मला बसवून ठेवण्याची कुणाची छाती झाली नाही. मॅनेजर आपल्याकडचाच, तिशीतला पोरगा. "काका, बसा ना. सर म्हणजे आम्हाला वडिलांसारखे होते."

"वडिलांच्या नावावर खोटं छापतोस व्हय?"

"काका, एक-दोन टक्क्यांचा विषय. एवढं कशाला ताणायचं? तिकडचे लोक विसरलेपण."

"मग खुलासा छापायला भितोस कशाला?"

"क्लायंटला काय सांगायचं? आपण असं करू, आमच्या ट्रेनिंग हॉलला सरांचं नाव देऊ. फोटो लावू. उद्घाटन तुमच्या हस्ते."

आयुष्यभर मी सौदे केले. समोरचा किती हटेल हे मला त्याच्या पापण्यांवरून कळतं. पण त्या दिवशी कळलं, हा पोरगा सौदा करतच नव्हता. त्याला आपलं काही चुकलं आहे असं वाटतच नव्हतं. "ज्या हॉलात पोरांना असलं लिहायला शिकवणार, त्याला भूपालचं नाव? पाटी लागली तर उपटून नेईन," म्हणालो आणि उठलो. मागून कुणीतरी हसलं.

भूपालची मुलगी स्मिता संख्याशास्त्रातच पुढे शिकते आहे. परवा एका संस्थेत मुलाखतीला गेली होती. समोरच्याने आडनाव पाहून विचारलं, आयर्लंडवर लिहिणारे मगदूम तुमचे कोण? तिने अभिमानाने सांगितलं. त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. वडिलांचं नाव आणि त्यावर ते वाक्य. "बाबांनी हे लिहिलं न्हाय, हे मी कशी सिद्ध करू, काका?" असं तिने मला विचारलं, आणि मी हे लिहायला बसलो.

सिद्ध तिने का करायचं? ज्याने लिहिलं तो बेळगावातच आहे, रोज ऑफिसला येतो, चहा पितो, पगार घेतो. कंपनीचे मालक हे वाचतील, कारण त्यांच्या टेबलावर मी स्वतः नेऊन ठेवणार आहे. मालक, तुमचे दिवे आणि फुलं उचला. भूपालच्या नावाखालचं ते वाक्य कुणी लिहिलं, त्याचं नाव जाहीर करा, आणि ते वाक्य ज्याचं आहे त्याच्या नावाखाली ठेवा. मी वाट बघतो आहे. बोला.