पोशीरचा टेंपो

फौजेत आमच्या एमटी, म्हणजे मोटर ट्रान्सपोर्ट प्लाटूनमधल्या तीन टनी गाड्या सगळ्या सारख्या होत्या, पण प्रत्येकाच्या तोंडी नाव वेगळं. हवालदार करतार सिंग गड्डी म्हणायचे, तमिळ मुरुगन लॉरी. मी खालापूरचा, हायवेलगत वाढलेला; मी ट्रक म्हणायचो. लान्सनायक दिलीप कर्जतकडचा, पोशीरचा. माल वाहणारी कुठलीही गाडी त्याच्या लेखी टेंपो.

"ओय, टेंपो बारात में जाता है. यह फौज की गड्डी है."

"चढ पे धाप लागती है ना उस्ताद, तब आपकी गड्डी भी टेंपोच है."

वायरलेसवर मात्र फक्त नंबर. चुकून गाडीचं गावाकडचं नाव घेतलं तर वीस पुश-अप. दिलीप व्हेइकल थ्री. मी त्याच्या मागे, फोर.

त्याचे वडील बोरघाटात ट्रक चालवायचे. घाट उतरला की थांबायचं, चाकाला हात लावून ब्रेक तापलेत का पाहायचं, ही सवय त्यांनी लेकाला लावली होती. आमच्या डोंगरी रस्त्यावरही उतार संपला की दिलीप पुलाच्या अलीकडे अर्धा मिनिट थांबायचा. कॉन्व्हॉयमध्ये असं थांबायला मनाई होती. सुभेदार साहेब काणाडोळा करायचे. मीही कधी टोकलं नाही.

समोरच्या कड्यावरून कुणीतरी ते पाहत होतं.

त्या सकाळी ०९१० वाजता दिलीप उतरला, वाकला. एकच गोळी आली. मी पोहोचलो तेव्हा त्याचा हात चाकावरच होता.

एरवी मी रोज रात्री वाचायचो; पुढचे अकरा दिवस पुस्तक उघडलं नाही. मला तो गोळी झाडणारा हवा होता. दुसरं काही नको होतं.

"साहब, व्हेइकल थ्री मैं चलाऊँगा. वहीं रुकूँगा."

सुभेदार साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "पता है, क्या माँग रहा है?"

"जी साहब."

बाराव्या दिवशी उजाडण्याआधी आमची एक तुकडी कड्याच्या वर जाऊन बसली. ०९१० ला मी पुलाअलीकडे ब्रेक लावला, उतरलो, चाकाला हात लावला. गरम होतं. मनात आकडे मोजत राहिलो. एकोणिसाव्या आकड्याला मडगार्डवर गोळी बसली. लगेच वरून आमच्या एलएमजी मशीनगनचा बर्स्ट. मग शांतता.

"व्हेइकल थ्री, रिपोर्ट. ओव्हर."

"टेंपो ठीक है. ओव्हर."

सेटवर करतार सिंगांचा आवाज आला. "टेंपो, वह गिर गया. आउट."

कॅम्पवर परतल्यावर मी वीस पुश-अप मारले. कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी करतार सिंग उस्तादही मारत होते.

सूड घेऊन बरं वाटतं का, असं लोक विचारतात. मला वाटलं. मी कडा चढून त्या माणसाचा चेहरा पाहून आलो. दया आली नाही. आजही येत नाही.

दिलीपचे वडील होते तोवर हे लिहिलं नाही. रिटायर झाल्यावर दर वर्षी मी पोशीरला जायचो. काका अंगणात खाटेवर बसलेले असायचे आणि दर वेळी एकच विचारायचे.

"घाट उतरला का चाकाला हात लावायचा ना रं तो?"

"लावायचा, काका."

"मीच शिकवलंवतं त्याला. कदी इसरला नाय ना?"

"एकदाही नाही."

काका भिंतीवरच्या दिलीपच्या फोटोकडे पाहायचे आणि समाधानाने मान हलवायचे.