दिवस मावळला की बातम्या बंद

तीन आठवड्यांपूर्वी संध्याकाळी अण्णांचा पुतण्या दारात येऊन उभा राहिला. "काका, फोन लागंना तुमचा," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. अण्णा गेले होते, जेवण उरकून अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या. माझा फोन बंद होता, कारण दिवस मावळला की तो बंद करायची शिस्त मला अण्णांनीच लावली होती...

अण्णा मूळचे कवठे महांकाळचे. कुपवाडात आमच्या गल्लीत त्यांचं किराणा दुकान, माझं लेथचं वर्कशॉप पलीकडच्या रस्त्याला. जैन माणूस, दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचे नाहीत. त्याला त्यांनी स्वतःचं एक कलम जोडलं होतं, जेवण नाही तशी बातमीही नाही. सकाळी गिऱ्हाईक नसताना एक पेपर वाचायचे आणि मग त्याच्याच शेंगदाण्याच्या पुड्या बांधायचे. दुपारी कुणी ताजी खबर घेऊन आलं, तर विचारायचे, "ह्यात माझ्यानं काय हुण्याजोगं हाय का?" नसलं की साखर तोलायला लागायचे. मी त्यांची भरपूर चेष्टा करायचो. जग बुडालं तरी अण्णांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळणार, असं चारचौघांत सांगायचो. तेवढीच एक झोप जास्त मिळेल, असं ते म्हणायचे.

मग सीमेवर तणाव वाढला. आमचा मुलगा सागर फौजेत, तिकडेच. मी वर्कशॉपला कुलूप लावून टीव्हीसमोर बसलो. एक चॅनेल ओरडून दमलं की दुसरं, मध्ये मोबाइलवरचे ग्रुप. चार दिवस धड जेवलो नाही. त्यात ग्रुपवर कुणीतरी टाकलं, सागरच्या चौकीवर हल्ला झालाय. खरंखोटं न बघता मी ते बायकोला, सुमनला, मोठ्यानं वाचून दाखवलं. ती घेरी येऊन पडली. त्याची मला अजून लाज वाटते.

अण्णा दुकान उघडं टाकून धावत आले. सुमनला पाणी पाजलं, टीव्ही बंद केला आणि मला विचारलं, "दारात फौजेचा कोण माणूस आला का?"

"न्हाई."

"मग पोरगा बरा हाय. असली खबर टीव्हीवाला देत न्हाई गड्या, माणूस येतो."

सुमन उठून बसली. त्या दिवसापासून आम्हाला सकाळी पेपर आणि दुपारी पाच मिनिटं मोबाइल, एवढाच बातम्यांचा रतीब, दिवस मावळला की फोनही बंद. सागरला अण्णांच्या दुकानातल्या फोनचा नंबर कळवून ठेवला. पहिले दोन दिवस हात सारखा खिशाकडे जायचा, मग मी नसलेला गंज काढत लेथ पुसत बसलो. शेवटी सागरचा फोन आला, तर तोच आम्हाला विचारतोय, तुम्ही दोघं बरे आहात ना!

परवा सागर सुट्टीवर आला. त्याला घेऊन अण्णांच्या घरी काकूंना, त्यांच्या बायकोला, भेटायला गेलो. मी अण्णांच्या शिस्तीचं कौतुक करायला लागलो, तशा काकू डोळे पुसता पुसता हसल्या.

"कसली शिस्त आवं. तुमचं सगळं बंद केलं, आन् सोता? हा पोरगा तिकडं हुता तवा दिवस मावळला की माळ्यावर जाऊन रेडिओ कानाला. मला म्हणायचे, त्येनला सांगू नगंस, पर कुणीतरी ऐकाया पायजे की."

सागर माळ्यावर चढला. मागोमाग मीही. साखरेच्या पोत्यांमध्ये एक छोटा रेडिओ होता, आवाज अगदी बारीक ठेवलेला. सागरनं तो सुरू केला. बातम्याच लागल्या... बाहेर अंधारून आलं होतं, तरी आम्ही दोघं त्या संपेपर्यंत ऐकत बसलो.