चेकिंगच्या बायकांनी तपासलेली फिल्म

मला कुणी चूक दाखवली की आधी राग येतो, मग भूक लागते आणि मग कुठे ती चूक दिसते. एकविसाव्या वर्षी तर हा क्रम फारच कडक होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पुण्यात फिल्म शिकत होते आणि पिंपरीच्या आमच्या कॉलनीतून रोज बसने ये-जा करत होते. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने दहा मिनिटांची फिल्म करायची होती. मी आईवर केली.

आई औषधाच्या कंपनीत चेकिंगला होती. इंजेक्शनच्या भरलेल्या बाटल्या तिच्यापुढे यायच्या. समोर एक फळी, अर्धी काळी, अर्धी पांढरी, वर ट्यूबलाइट. बाटली उचलायची, उलटी करायची, आधी काळ्यासमोर धरायची, मग पांढऱ्यासमोर. आत एखादा धागा, कण, काचेची कपची दिसली तर लाल ट्रेमध्ये, नाहीतर पुढे. चऱ्होलीला लहानपणी खुरपणी केलेली ही बाई, पण तिने पास केलेली बाटली खराब निघाली असं एवढ्या वर्षांत एकदाही झालं नव्हतं. याचा तिला केवढा अभिमान! बोलून दाखवायची नाही, पण मेथी निवडायला बसलं की आमच्या हातातली जुडी काढून घ्यायची. तुमाला दिसत न्हाई, एवढंच म्हणायची.

शूटिंगची परवानगीसुद्धा तिनेच मिळवली. जेवणाच्या सुट्टीत साहेबाच्या केबिनबाहेर तीन दिवस उभी राहिली, तेव्हा कुठे एका सकाळची परवानगी मिळाली. माझ्याकडे चावी भरायचा, आवाज न पकडणारा कॅमेरा होता आणि कच्ची फिल्म अगदी बेताची. चार तास मी त्या खोलीत नाचले. आई माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या पुढ्यातल्या बाटल्या थांबत नव्हत्या.

तेव्हा आम्हा विद्यार्थ्यांना दुःख फार आवडायचं. ज्याच्या घरी नसेल तो दुसऱ्याच्या घरून आणायचा. मी आपल्याच आईचं आणलं. शूट केलेल्या रिळांत मला एक तुकडा सापडला. आई फळीसमोर बसली आहे, हात मांडीवर आहेत, डोळे मिटलेले आहेत आणि ट्यूबचा पांढरा उजेड चेहऱ्यावर पडला आहे. बस्स, मला हेच हवं होतं. यंत्रापुढे थकून गेलेली बाई! तो तुकडा मी शेवटी लावला आणि खाली सारंगी सोडली. आमच्या सरांनी एडिटिंग टेबलवर तो दोनदा पाहिला आणि ही फ्रेम म्हणजेच तुझी फिल्म, असं म्हणाले. मी दोन दिवस हवेत होते.

पण सरांचा एक नियम होता. शेवटची कापाकापी करायच्या आधी, ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांना ती दाखवायची. मागे बसायचं, तोंड उघडायचं नाही, लोक जे बोलतील ते वहीत लिहून घ्यायचं आणि स्वतःचा बचाव करायचा नाही. हे शेवटचं मला कितपत जमणार, हे त्यांना माहीत असावं, कारण ते त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं.

रविवारी दुपारी आमच्या कॉलनीतल्या विहारात खेळ लावला. खिडक्यांना चादरी बांधल्या, कॉलेजचा प्रोजेक्टर रिक्षातून मांडीवर घेऊन आले. चेकिंगच्या वीस-बावीस बायका आल्या. आई ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती.

फिल्म सुरू होऊन मिनिटही झालं नसेल, तोच चार-पाच जणी एकदम म्हणाल्या, उजवीकडं वरच्या कोपऱ्यात केस हाय. मी बघितलं. खरंच होता. शूटिंग करताना कॅमेऱ्याच्या आत एक बारीक केस अडकला होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात तो थरथरत होता. मी हा तुकडा निदान पन्नास वेळा पाहिला होता, सरांनीही पाहिला होता, आणि आम्हा दोघांनाही तो दिसला नव्हता. आता या बायकांना केस शोधायचाच पगार मिळत होता म्हटल्यावर मी कुठे लपवणार!

मग त्यांचे डोळे सुरू झाले ते थांबेनात. आईच्या हातांचा जवळून घेतलेला एक शॉट होता. कंपनीत फिल्म संपल्यामुळे तो मी नंतर एक रीळ उसनं आणून घरीच, टेबललॅम्प लावून घेतला होता. लगेच आवाज आला, की बांगड्या घालून हिला आत सोडलं कुणी? चेकिंगला बांगड्या, अंगठी काही चालत नाही. मी वहीत लिहिलं, बांगड्या, आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. पुढे सारंगी सुरू झाली तर कुणीतरी काळजीने विचारलं, कुनी गेलं का गं? सगळा विहार खदखदून हसला.

शेवटचा तुकडा आला आणि हसू थांबलं. एकदम चिडीचूप. मी मनात म्हटलं, आता कशा गप्प झाल्या! चादरी सोडल्या, उजेड आला. कंपनीत आईच्या शेजारी बसणाऱ्या एक मावशी होत्या, देहूकडच्या, कॉलनीत त्यांच्या तोंडाला सगळे वचकून असत. त्या उठून उभ्या राहिल्या.

"डोळं मिटलेत ते बेल झाली म्हनून," त्या म्हणाल्या. "दर अर्ध्या तासाला बेल वाजती. दोन मिन्टं डोळं मिटायचं, नजर ताजी करायची, मग पुन्हा बाटल्या. ते बी कामच हाय. तू तर तिला ड्यूटीवर झोपवलीस की गं."

आता इथे मी गप्प बसायचं होतं. मी बसले नाही. तो थकव्याचा एक प्रतीकात्मक शॉट आहे, असं काहीतरी मी तावातावाने सांगू लागले. दारावर आलेल्या साबणवाल्याचं ऐकावं तसं त्यांनी माझं ऐकून घेतलं. आई तोवर खिडक्यांवरच्या चादरी घड्या करायला लागली होती.

आम्ही घरी आलो. दाराशी चप्पल काढताना आई म्हणाली, "एवढ्या वर्सांत एक खराब बाटली म्या फुडं जाऊ दिली न्हाई. अन् पोरी, तू मला झोपवलं."

ती रागावली असती तर मी भांडले असते. ती रागावलीच नव्हती. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि दुसरी संपता संपता मला स्वतःची लाज वाटू लागली. दुसऱ्या दिवशी कंपनीत कुणीतरी तिला झोप झाली का म्हणून विचारलं, हे मला मावशींकडून कळलं. आईने सांगितलं नाही.

सरांना सगळं सांगितलं तेव्हा मनातून मला वाटत होतं, की ते म्हणतील, राहू दे, फ्रेम चांगली आहे. ते म्हणाले, फ्रेम चांगलीच आहे, पण आता मला तिच्या आधीचं आणि नंतरचं बघायचंय.

नवीन शूटिंग करायला फिल्म नव्हती. कापून टाकलेले तुकडे एका कापडी पिशवीत होते. ते मी जमिनीवर ओतले आणि दोन दिवस एकेक उजेडासमोर धरून बघत बसले. सुपरवायझरबाईंचं बोट बेलवर दाबलेलं सापडलं; म्हणजे बेल मी पाहिली होती, ती कशासाठी ते विचारलं नव्हतं. मग अख्खी रांग एकदम डोळे मिटते आहे, असा तुकडा सापडला. शाळेतल्या प्रार्थनेसारखा दिसतो म्हणून मीच तो फेकला होता. आणि तिसरा, आई डोळे उघडते, सरळ कॅमेऱ्यात बघते, मान हलवून काहीतरी बोलते आणि उचललेली पहिलीच बाटली लाल ट्रेमध्ये टाकते. कॅमेऱ्यात बघितलं म्हणून हाही बाद केला होता. तिन्ही जोडले. केसवाला आणि बांगड्यांचा शॉट काढून त्यांच्या जागी कमी देखणे पण स्वच्छ शॉट लावले. सारंगी काढली. बेलचा आवाज आधी कॉलेजच्या घंटेचा टाकला, मग बघणार कोण आहेत ते आठवलं आणि काढला. मावशींनी साहेबाला विचारून टेपरेकॉर्डर आत नेला आणि खरी बेल आणून दिली. आपण झापलेल्या पोरीसाठी कोण एवढं करतं?

पुढच्या एका रविवारी पुन्हा चादरी बांधल्या. आई येणारच नव्हती. आली ती उशिरा, साध्या लुगड्यात, आणि अगदी मागे दाराजवळ टेकली. या खेपेला केस नाही, बांगड्या नाहीत, कुणी चूक काढेना. मग बेल वाजली, आणि पडद्याच्या उजेडात मी बघते तर समोरच्या निम्म्या बायकांनी सवयीने डोळे मिटलेले! लगेच त्यांच्या ध्यानात आलं आणि हशा पिकला. हसतच होत्या, तेवढ्यात पडद्यावर आईने डोळे उघडले, कॅमेऱ्यात बघितलं, ओठ हलवले. सगळ्या एकदम थांबल्या आणि मागे वळल्या. आईकडे नाही, माझ्याकडे.

फिल्म संपल्यावर मी मावशींना विचारलं, काय झालं म्हणून. त्यांनी सांगितलं, की पलीकडे बाटल्या धुवायच्या मशीनचा एवढा आवाज असतो की आत कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, सगळ्या जणी ओठ बघूनच बोलतात. शूटिंगच्या सकाळी मावशींनी आईला विचारलं होतं, की पोरगी कधीची उभी आहे, तिला पाणी देऊ का. त्याचं ते उत्तर होतं.

"काय म्हणाली?"

"म्हनली, आत्ता नगं. ती कामात हाय."

आमच्या घरात काम म्हणजे कंपनीतलं. मी जे करायचे त्याला आई फिरणं म्हणायची. आणि तिने त्याला काम म्हटलं तेवढे पाच-सहा सेकंद मी स्वतःच्या हाताने कापून टाकले होते. मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, मुसमुसून रडले. तशीच दाराशी आईकडे गेले आणि विचारलं, आवडली का.

आई जरा ओशाळली. बेल झाली म्हणून तिने डोळे मिटले होते, आणि इतर बायकांसारखे लगेच उघडले नव्हते. नियमाप्रमाणे दोन मिनिटं मिटून ठेवले होते, तोवर फिल्म संपून गेली होती.

"परत लाव," ती म्हणाली.

मी रीळ उलटं गुंडाळलं. बायकांनी सरकून पहिल्या रांगेत तिला जागा केली. या वेळी बेल वाजली तेव्हा आईने डोळे उघडे ठेवले.