बोंबलाची परीक्षा

शहापूरच्या दवाखान्यात मी दाढ घासून घ्यायला आलो होतो आणि मनातून टरकलो होतो. माझ्या आधी डोळखांबकडची एक म्हातारी खुर्चीत होती. तिचीही दाढ चावताना आधी टेकते म्हणून डॉक्टर ती मशीनने घासत होते. कुठे टेकते ते बघायला त्यांनी निळा कागद पुढे केला. "चावा."

"कागद खायला मी काय शेळी हाय?" म्हणत तिने पदराच्या गाठीतून भाजलेला बोंबील काढला आणि चावून पाहिला.

"अजून थोडं घासू," डॉक्टर म्हणाले.

"बास! दाढ म्हंजी भात नाय, पुढल्या साली परत लावायला."

जाताना उरलेला बोंबील तिने माझ्या हातात कोंबला. मी खुर्चीत बसलो. डॉक्टरांनी कागद उचलला, माझ्या मुठीतला बोंबील पाहिला आणि कागद परत ठेवला.