हात लागला की बाद

संप लांबला होता. लालबागच्या आमच्या चाळीत सगळ्यांचे वडील घरी बसून होते, माझेही. आणि मी, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणाऱ्याची मुलगी, समुद्र पोहायला निघाले होते! खाडीच्या तोंडावरच्या कोळीवाड्यात दर उधाणाला पाणी घरात शिरायचं. तिथे दगडी बांध घालायचा होता. मी वरळीपासून तिथवर पोहून गेले, तर दादर-गिरगावचे दुकानदार त्यासाठी पैसे देणार होते. वाटेत होडीतल्या कुणाचा हात लागला की मात्र बाद.

होडीत नाखवा, पंच आणि बाबा होते. बाबांना पोहता येत नव्हतं, म्हणून येऊ नका म्हटलं होतं, पण ऐकतील तर शपथ. नियम मी त्यांना दहादा बजावला होता. "कळला गो माका," म्हणाले होते.

कोळीवाडा दिसू लागला, ताशे ऐकू आले, आणि माझ्या चष्म्यात पाणी गेलं. तो काढायला मी हात थांबवला. तेवढ्यात कुणीतरी दंड गच्च धरला. बाबा होडीतून अर्धे बाहेर लोंबकळत होते.

"तुझो हात थांबलो, म्हणान धरलंय," ते म्हणाले.

जन्मभर साचे चालवलेला माणूस. धागा तुटला की आधी हात पुढे जायचा, विचार मागून यायचा. पंचाने नुसती मान हलवली. मी बाद झाले होते.

किनाऱ्यावर कोळणी आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघण्याची सोय नव्हती. लाजेने मी मेले होते आणि ती लाज बाबांवर काढली. सगळ्यांसमोर ओरडले, "तुम्हाला कोणी बोलावलं होतं? घरीच बसायचं होतं ना! बसलाच आहात की!"

ताशे थांबले. बाबा माझा टॉवेल हातात धरून तसेच उभे राहिले. एक म्हातारी कोळीण म्हणाली, "बापसाला असं बोलतान काय, पोरी?" आणि तिने मला ओवाळलंच. तेव्हा तर वाटलं, वाळूत गडप व्हावं.

बांध झाला नाही. पावसाळ्यात उधाण आलं की बाबा लेंगा खोचून कोळीवाड्यात जायचे, वाळूची पोती रचायला. मला कधी चल म्हणाले नाहीत. एकदा छातीपर्यंत भिजून परतले. आई चिडली, "पोहूक येता काय तुमका? इतक्या पाण्यात कशाक उतरलास?"

बाबा हसले आणि सदरा पिळू लागले. पोहता येणारी मी कोपऱ्यात कोरडी बसले होते. घरीच.