दोन जूनची मुलगी

चेन्नईत, गिंडीतल्या केंद्र सरकारच्या एका कार्यालयात माधवराव घैसास आस्थापना विभाग सांभाळत. साडेतीनशे माणसांच्या सेवापुस्तिका त्यांच्या ताब्यात होत्या आणि त्या साडेतीनशेजणांपैकी कोण कोणत्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होणार, हे त्यांना पाठ होतं. एखाद्याची बायको नुकतीच बाळंत झाल्याचे पेढे आले, की पेढा तोंडात टाकत ते म्हणत, "म्हणजे हा दोन हजार सहासष्टला सुटणार."

सेवापुस्तिकेतली जन्मतारीख बदलून मिळावी म्हणून वर्षाकाठी दोन-चार अर्ज येत. माधवराव ते शांतपणे वाचत आणि शांतपणे फेटाळत. गुंडोराव हे त्यांचेच सहकारी, तंजावरकडचे मराठी. शाळेतल्या मास्तरांनी आपलं वय दहा महिन्यांनी वाढवून लिहिलं, असा त्यांचा अर्ज होता. तोही फेटाळला गेला आणि गुंडोराव दहा महिने आधी घरी बसले. मैत्री टिकली. कशी, ते दोघांनाही सांगता येत नसे.

अशा माणसाने आयुष्यात एकच खोटी तारीख लिहिली होती, आणि ती स्वतःच्या मुलीची.

रुचा जन्मली एकोणीस जुलै अठ्ठ्याऐंशीला, वाईला, आजोळी. चेन्नईत तिला पहिलीत घालताना माधवरावांनी विचार केला की मुलगी पुढेमागे सरकारी नोकरीत जाईल. अकरा महिने धाकटी लिहिली, तर अकरा महिने जास्त नोकरी होईल. शाळेत बापाच्या शब्दावर काम भागलं. एक जून लिहिणं त्यांना कमीपणाचं वाटलं. निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मतो. म्हणून त्यांनी लिहिलं, दोन जून एकोणनव्वद. याला ते खोटं म्हणत नसत. नियोजन म्हणत.

दोन हजार सहा साली रुचा बारावी झाली आणि तिने जाहीर केलं की तिला नर्सिंगला जायचंय. पुण्याहून नातेवाइकांचे फोन आले. "मेडिकल हुकलं का गं?" असं प्रत्येकाने हळहळून विचारलं. मेडिकल हुकलेलं नव्हतं. तिने तिकडे अर्जच केला नव्हता. आईच्या, सुनीतीबाईंच्या, पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी ती चार दिवस वॉर्डात राहिली होती. डॉक्टर येऊन दोन मिनिटांत जात. उरलेला सगळा वेळ वॉर्ड सिस्टर पेशंटना, नातेवाइकांना आणि डॉक्टरांनाही ओरडत असे, आणि सगळे ऐकत असत. रुचाला हे काम आवडलं. लहानपणापासून ती घरात तेच करत होती.

शहरात विद्यापीठाचं एक नामांकित नर्सिंग कॉलेज होतं. जागा साठ, अर्ज अडीच हजार. अर्ज अर्थातच माधवरावांनी भरला. प्रत्येक दाखल्याच्या तीन साक्षांकित प्रती, वर अनुक्रमणिका.

"बाबा, त्यांनी एकच कॉपी मागितलीय."

"मागतात एक. हरवतात दोन."

जुलैअखेर यादी लागली. साठाव्या क्रमांकावर जननी नावाची मुलगी होती. रुचाचं नाव प्रतीक्षायादीत, पहिलं. दोघींची बेरीज सारखी, जीवशास्त्र सारखं, रसायनशास्त्रही सारखं.

"मग ठरवलं कशावर?" माधवरावांनी खिडकीतल्या कारकुनाला विचारलं.

"जन्मतारखेवर, सार. गुण सारखे असले की वयाने मोठी ती आधी. ती मुलगी सप्टेंबर अठ्ठ्याऐंशीची. तुमची जून एकोणनव्वद."

रुचा बापाकडे बघत राहिली. तिचा वाढदिवस घरात दर वर्षी एकोणीस जुलैलाच होत असे. केक आणायला माधवराव स्वतः जात.

घरी आल्यावर सुनीतीबाईंनी ट्रंकेतून वाईचा जन्मदाखला काढला आणि जेवणाच्या टेबलावर, भाताच्या भांड्याशेजारी ठेवला.

"घ्या. तुमच्या मुलीला अकरा महिने जास्त नोकरी हवी होती ना? आता आधी नोकरी आणा."

"अर्ज करता येईल," माधवराव म्हणाले. "पण दुरुस्तीचे अर्ज..."

"काय होतं त्यांचं?" रुचाने विचारलं. बाबा काय करतात, ते तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी गुंडोराव आले. हकीकत ऐकताना त्यांनी कॉफीचा टंबलर खाली ठेवला, कारण हसण्याने कॉफी हिंदकळू लागली होती.

"अय्यो माधवराव! माझा अर्ज फेटाळलां तेव्हां काय लिहिलें होतें तुम्ही? अर्जदाराने वेळीच दक्षता घ्यावयास हवी होती! मला पाठ आहे. बायकोसही पाठ आहे."

"नियम होता, गुंडोराव."

"होता की. आतां घ्या कागद, मी सांगतों. लिहा: ही चूक माझ्या हातून झाली."

"झाली नाही. केली," सुनीतीबाई आतून म्हणाल्या.

माधवरावांनी 'केली' लिहिलं. तीस वर्षांत इतरांच्या अर्जांवर त्यांनी हजारो शेरे मारले होते. या एका ओळीला त्यांना पाऊण तास लागला.

प्रिन्सिपॉल जाडजूड चष्म्याच्या, पांढऱ्या साडीतल्या बाई होत्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"तारीख तुम्हीच बदललीत? का?"

"निवृत्ती अकरा महिने पुढे जावी म्हणून, मॅडम."

बाईंनी चष्मा काढला. "सार, आमच्या मुली निवृत्तीपर्यंत इथे थांबत नाहीत. कोर्स संपला की दोन वर्षांत लंडन नाहीतर दुबई." मग त्यांनी अर्ज परत केला. शाळेच्या दाखल्यावरची तारीखच धरायची, असा कॉलेजचा नियम होता. माधवरावांना तो पटला. त्यांना राग आला तो त्याचाच.

आता एकच आशा. प्रवेश घ्यायची मुदत चौदा ऑगस्टला दुपारी चारपर्यंत. वरच्या एकोणसाठजणी येणारच, हे माधवराव धरूनच चालले होते; जननी आली नाही, तर जागा रुचाची. माधवराव अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले. व्हरांड्यातल्या बाकावर आई, बाप, मुलगी तिघं बसली. साडेतीन वाजले तरी साठावी मुलगी आली नव्हती. माधवराव घड्याळाकडे बघत नव्हते, इतकं ठरवून की समोर बसलेल्या सगळ्यांना ते कळत होतं.

पावणेचारला एक बाई आणि दोन वेण्यांची मुलगी धावत आल्या. पोरूरहून निघालेली बस वाटेत बंद पडली होती. खिडकीतून कारकुनाचा आवाज ऐकू आला: पालकाचं हमीपत्र नाही, नवव्या रकान्यात सही नाही, दाखल्याची प्रत नाही. पूर्ण करून आणा, चारला खिडकी बंद.

आई रडकुंडीला आली. मुलगी फॉर्म उलटासुलटा करत बाकाशी आली आणि तिने जवळच्या माणसाला तमिळमध्ये विचारलं, "सार, हमीपत्र म्हणजे काय?"

माधवरावांनी फॉर्म हातात घेतला. वर नाव जननीचं होतं. नववा रकाना खरोखरच कोरा होता. असला फॉर्म त्यांना बघवत नसे.

"इथे आईची सही. इथे नाही, इथे. हे खोडू नका, वर आडवी रेघ मारून बाजूला सही करा. हमीपत्राचा कोरा नमुना माझ्याकडे आहे, तीन आहेत." प्रत काढायला त्यांनी रुचालाच समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पिटाळलं. ती गेलीही. परत आल्यावर कागद जननीच्या हातात देत म्हणाली, "पळ."

तीन अठ्ठावन्नला जननीचा प्रवेश झाला. तिची आई हात जोडून म्हणाली, "देवासारखे भेटलात, सार. तुमची मुलगीही इथेच?"

"प्रतीक्षायादीत," सुनीतीबाई म्हणाल्या. "पहिली."

बाईचे जोडलेले हात तसेच राहिले.

"बाबा," रुचा म्हणाली, "एक रकाना कोरा राहिला असता, तर काय झालं असतं?"

"फॉर्ममध्ये?" माधवरावांना प्रश्नच कळला नाही.

चार वाजून पाच मिनिटांनी खिडकी बंद न करता कारकून बाहेर आला आणि त्याने प्रतीक्षायादीतली पहिली आठ नावं वाचली. वरच्या यादीतल्या आठजणी मेडिकलच्या दुसऱ्या फेरीत निघून गेल्या होत्या. दर वर्षी जातात, तो म्हणाला. पहिल्या क्रमांकाला जागा मिळाली नाही, असं त्याच्या नोकरीत कधी झालेलं नव्हतं.

"मग आधी का नाही सांगितलंत?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"सारनी फक्त नियम विचारला, अम्मा."

रुचाने फॉर्म घेतला आणि माधवराव फाइल उघडून पुढे सरकले.

"नाही. माझा मी भरणार. आणि बघायचं नाही."

माधवराव हात मागे बांधून व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि आवारातल्या कडुनिंबाकडे बघत उभे राहिले. पाठीमागे पेन कागदावर चालल्याचा आवाज येत होता. एका ठिकाणी तो थांबला. त्यांची मान वळू लागली.

"बाबा!"

त्यांनी मान पुन्हा कडुनिंबाकडे केली.